रीफ टाकीतलं शेवाळ: किट शून्य दाखवतंय, मग हे वाढतंय कशावर?

रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, हिरवं-तपकिरी काही दिसलं की पहिला हात फॉस्फेट रिमूव्हरच्या डब्याकडे जातो, आणि निम्म्या टाक्या तिथेच बिघडतात. केसाळ शेवाळाची उपासमार करायची असते, म्हणजे त्याचं खाद्य, नायट्रेट-फॉस्फेट, कमी करायचं. डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, नायट्रेट-फॉस्फेट तळाला गेलं की माजतात. एकावरचा उपाय दुसऱ्याच्या पथ्यावर पडतो.

त्यात नायट्रेट-फॉस्फेट मोजणारं टेस्ट किट केसाळ शेवाळ असो वा डायनो, शून्य दाखवू शकतं. शेवाळाचं दाट रान असेल तर पाण्यात उतरलेलं फॉस्फेट तेच लगेच ओढून घेतं. म्हणून आकड्याआधी बोटांनी तपासा.

धाग्यांचा झुपका, ओढला तर तुटतो पण बुडखा दगडाला चिकटून राहतो: हेअर अल्गी, म्हणजे वरचं केसाळ शेवाळ. तेच धागे पिसासारखे दोन्ही बाजूंनी फुटलेले असतील तर ब्रायोप्सिस. मरून रंगाचा थर दुधावरच्या सायीसारखा अख्खा उचलला गेला तर सायनो; ते शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. नव्या टाकीत काचेवर बोट फिरवताच पुसली जाणारी तपकिरी धूळ म्हणजे डायएटम, तिची काळजी नको. शेंबडासारखे तपकिरी तंतू, त्यांत अडकलेले बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी पुन्हा तेवढेच, शिवाय गोगलगायी मरायला लागल्या, तर डायनोचा संशय घ्या.

खात्री घरीच होते. सिरिंजने थोडा चिकटा ओढून काचेच्या बाटलीत टाकीच्याच ५० मिली पाण्यात मिसळा, मिनिटभर जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा. गाळलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्यात पुन्हा तंतू जमले तर डायनो. हातमोजे घाला, काहींचं विष माणसालाही बाधतं.

आता पाणी. पुण्यात वाघोली, उंड्रीकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरशिवाय भागत नाही. ८०० टीडीएसचं (विरघळलेल्या क्षारांचं माप) पाणी ९५ टक्के क्षार अडवणाऱ्या आरओ मेम्ब्रेनमधूनही ४०वर येतं. स्वयंपाकघरातल्या आरओत तर बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो. तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. पिण्याला उत्तम, टाकीला घातक. मेम्ब्रेननंतर लगेच, कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून घ्या, आणि पुढे उरलेले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन लावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, वर पंखा लावलेल्या २०० लिटरच्या टाकीतून रोज ४ लिटर उडालं असं धरा. त्याच्या जागी महिन्याला १२० लिटर पाणी घालावं लागतं, म्हणजे टॉप-अप. त्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर ६०० मिलिग्रॅम आत जातं, म्हणजे टाकीत ३ पीपीएमची (लिटरमागे मिलिग्रॅम) भर. पाणी उडतं, नायट्रेट मागे उरतं.

टीडीएस मीटर शून्य दाखवतो आणि जुन्या टाकीत डायएटम परत येतात, असं झालं तर रेझिन बदला. संपत आलेलं रेझिन आधी सिलिका सोडतं, डायएटमना तीच लागते, आणि टीडीएस मीटरला सिलिका जवळजवळ दिसतच नाही.

हेअर अल्गी काढताना सायफनच्या नळीच्या तोंडाशी टूथब्रश रबरबँडने बांधा. पंप बंद करून घासा. तुटलेला धागा तिथल्या तिथे ओढला गेला पाहिजे, नाहीतर पंपाबरोबर टाकीभर पसरतो. आठवड्याला १० टक्के पाणी याच कामात काढा. लोहयुक्त फॉस्फेट रिमूव्हर निम्म्या मात्रेने सुरू करा, एकदम उतरलेलं फॉस्फेट प्रवाळांना सोसत नाही. आकडा उतरून चार दिवसांनी पुन्हा चढला तर घाबरू नका, दगडात मुरलेलं फॉस्फेट बाहेर येत असतं. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, यातच राहा.

ब्रायोप्सिस उपासमारीला सहसा दाद देत नाही. तिथे लिटरमागे ५ मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) चालतं. फिल्टरमधला कार्बन (औषध-विष शोषणारा कोळसा) काढून ठेवायचा, दोन-तीन आठवडे थांबायचं.

डायनो असतील तर सगळं उलट. पाणी बदलणं थांबवा, रिमूव्हर काढा, नायट्रेट-फॉस्फेट थेंबाथेंबाने वर दिलेल्या मर्यादेत आणा. पाण्यात तरंगणाऱ्या पेशी मारणारा यूव्ही (अतिनील) दिवा घेण्याआधी ४००पट सूक्ष्मदर्शकात बघा. थेंबाच्या आकाराच्या, एका बिंदूभोवती गिरक्या घेणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्ट्रिओप्सिस. या पेशी रात्री पाण्यात उतरतात, म्हणून यूव्हीत सापडतात. अँफिडिनियम हे दुसरे डायनो वाळूतच राहतात, तिथे यूव्हीचे पैसे फुकट. डायनो मरायला लागले की विषासाठी कार्बन लावा.

चांगले जिवाणू मिळावेत म्हणून मालवणहून समुद्रातला दगड आणण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दगडावर असू शकणारे दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि अशा दगडाबरोबर ब्रायोप्सिसही घरी येऊ शकतं.

गोगलगायी घासून झाल्यावरच सोडा. ट्रोकस गोगलगाय खुंट खाते, बोटभर वाढलेल्या केसांना तोंड लावत नाही.