पावसाचंच पाणी आहे की!

कीटकभक्षी झाडांना लागणारी माती मी बेळगावात तयार करून देते. माती म्हणायची एवढंच, तिच्यात माती औषधालाही नसते. शेणखत नको, गांडूळखत नको म्हटलं की नवं गिऱ्हाईक माझ्याकडं संशयानं बघतं. पावसाळ्यात चोर्ला घाटाकडच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर जाऊन बघावं. चिमूटभर मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवं ही कीटकभक्षी झाडं वाढतात, वरून नुसता पाऊस. (तिथलंच रोप उपटून आणून ‘याला मिश्रण द्या’ म्हणणारेही भेटतात. त्यांना मी देत नाही.)

व्हीनस फ्लायट्रॅपसाठी, म्हणजे पानांच्या सापळ्यात किडे पकडणाऱ्या झाडासाठी, दोन भाग पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), एक भाग परलाइट (फुगवलेल्या खडकाचे पांढरे हलके दाणे). कुंडी उघड्यावर भिजणार असेल तर निम्मं-निम्मं. पीटच्या पोत्यावरचा मजकूर नीट वाचावा लागतो, कारण बागेसाठी येणाऱ्या मालात बऱ्याचदा चुना आणि खत आधीच मिसळलेलं असतं. परलाइट ओलं केल्याशिवाय हाताळायचं नाही, धूळ थेट घशात जाते. शेवटी मिश्रणावर डिस्टिल्ड पाणी ओतून खाली गळलेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मीटरनं मोजते. ५० च्या खाली आला तरच पिशवी बांधायची.

सप्टेंबरात टिळकवाडीतल्या एका काकूंचा फोन आला. “अगं, तुझ्या मिश्रणातच काहीतरी आहे बघ. सगळी झाडं काळी पडायला लागलीत.”

त्याच लॉटमधलं मिश्रण खानापूर आणि निपाणीला गेलं होतं, तिकडं सगळं ठीक होतं. तरी गेले.

फ्लायट्रॅपची जुनी पानं काळी पडणं नेहमीचंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इथं नवी पानंसुद्धा खुरटी, वेडीवाकडी येत होती. पण माझं लक्ष गेलं ते कुंडीच्या वर लावलेल्या जिवंत स्फॅग्नम मॉसकडं, म्हणजे दलदलीतल्या शेवाळाकडं. ते पार मेलं होतं, झाडाच्याही आधी. या मॉसला कॅल्शियम अजिबात सोसत नाही.

“पाणी कुठलं घालता?”

“पावसाचंच की! नळाचा थेंब घातलेला नाही.”

कुंडीखालच्या बशीतल्या पाण्याचा टीडीएस ४०० च्या वर निघाला. बशीतलं पाणी आटत जातं तसे क्षार दाट होतात, म्हणून तेवढ्यावर काही ठरवता येईना. मग घालायच्या तांब्यातलं पाणी मोजलं. १९०! पावसाचं पाणी सहसा १०-२० दाखवतं. काका म्हणाले, मीटर बिघडलं असेल. पिशवीतून डिस्टिल्ड पाण्याची बाटली काढून त्यांच्यासमोर मोजून दाखवलं, आकडा १. पीएचची पट्टी तांब्यात बुडवली, ती निळीजांभळी झाली, म्हणजे पाणी आंबटाच्या उलट, अल्कधर्मी.

“साठवता कुठं?”

काका कौतुकानं मागच्या अंगणात घेऊन गेले. पावसाळ्याच्या तोंडावर बांधून घेतलेली सिमेंटची नवी कोरी टाकी, पाण्याच्या कडेला पांढरा थर. कौलांवरून येणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळं ते नव्या सिमेंटमधला चुना पटापट विरघळवून घेतं. पीट स्वतः आंबट, पीएच चारच्या आसपास. त्यानं काही आठवडे तो चुना पचवला. नंतर त्याची ताकद संपली.

काका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. थर नखानं खरवडून बघितला आणि म्हणाले, “म्हणजे आम्ही झाडांना चुन्याची निवळी पाजत होतो!”

काकू त्यांच्याकडं नुसत्या बघत राहिल्या. टाकीची हौस काकांची होती.

त्याच संध्याकाळी सगळी झाडं उपसली, मुळं डिस्टिल्ड पाण्यात हलक्या हातानं धुतली आणि नव्या मिश्रणात लावली. जुनं मिश्रण धुऊन वापरायचा विचार काकूंनी बोलून दाखवला, मी नको म्हटलं. एवढा चुना मुरल्यावर धुण्यात पाणीच वाया जातं. पन्हळीखाली प्लास्टिकचा ड्रम ठेवला आणि टाकीचं पाणी भांडी घासायला वापरायचं ठरलं.

सगळ्यात मोठं झाड गेलं. बाकीच्यांना दिवाळीच्या सुमारास सरळ पानं फुटली, लहान पण उघडमीट करणारे सापळे आले. मॉस मात्र परत हिरवं झालं नाही. ते काकूंनी माझ्याकडून नव्यानं विकत घेतलं, पूर्ण भावानं.