मधला रकाना

मंगळवार, पहाटेचे तीन

हिला पाजून शेजारी ठेवलं, लगेच झोपली. पाळण्यात घालायला अजून दोन दिवस आहेत. मला झोप नाही. काल संध्याकाळपासून सागरचा तो एक श्वास कानात अडकून बसलाय.

तसं झालं काहीच नाही. सागर आला, येताना दवाखान्यातून जन्मनोंदणीचा फॉर्म घेऊन आला. त्यात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, सगळ्यांना आपापले रकाने. ह्याला काय सुचलं कोण जाणे, म्हणाला शाळेच्या दाखल्यावर कसं दिसेल बघू, आणि वर्तमानपत्राच्या कडेला सलग लिहून मोठ्याने वाचलं. "रुक्मिणी..." थांबला. "पिंकी सागर."

थांबला म्हणजे किती, तर पापणी लवते तेवढं. पण मी ऐकलं. आई लसूण सोलत होती, तिने ऐकलं. दादांनीही ऐकलं. ते उठले आणि "मोटार बंद केली का बघून येतो" म्हणत बाहेर गेले. लाईट दुपारपासून नव्हती.

त्यात गंमत अशी की हा मधला रकाना मिळाला म्हणून सगळ्यांत जास्त मीच नाचले होते. मार्च 2024 मध्ये सरकारचा निर्णय आला, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शाळेच्या कागदांवर, परीक्षेच्या प्रमाणपत्रांवर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. मी ती बातमी चार ग्रुपवर टाकली होती. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव वेगळ्या ओळीत, हिशोबात न धरल्यासारखं. आता ते ओळीच्या आत येणार, नावाला खेटून. तेव्हा मनात सगळ्या आयांची नावं होती. स्वतःचं नाव मी त्यात म्हणून पाहिलंच नव्हतं.

रुक्मिणी हे सागरच्या पणजीचं नाव. सातबाऱ्यावर ती 'रखमा कोम गणपत' आहे. म्हणजे तिच्या नावालाही मधोमध एक 'कोम' चिकटलेला, अमक्याची बायको. ते नाव मीच धरून बसले. सागरला आर्या-बिर्या काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, नाही, नाव असं हवं की हाक मारली तर उंबऱ्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. रुक्मिणी. म्हणायला तोंड नीट उघडावं लागतं. आणि त्याच्यामागे लगेच पिंकी. पैठणीवर प्लास्टिकची क्लिप लावल्यासारखं.

ताईचं नाव वैशाली, मधलीचं अश्विनी. धाकट्याच्या वेळी पंचांग निघालं, अक्षर निघालं, आत्याला साडी झाली. माझ्या वेळी... जाऊ दे. तिसरी होते एवढंच. घरात जे म्हणत होते तेच पहिलीच्या रजिस्टरात गेलं आणि तिथून दहावी, पदवी, पॅन, आधार. एमपीएससीची दोन वर्षं अभ्यासिकेत बसले, तेव्हा हजेरीच्या वहीत सही करताना मी नुसतं 'पी.' लिहायचे. पूजा असेल, प्रतिभा असेल, लोकांनी काय समजायचं ते समजावं.

लग्नात तांदळाच्या ताटात सागरने अंगठीने 'प्रणाली' काढलं. छान अक्षर आहे त्याचं. सासरी तेच म्हणतात, कागदावर मात्र कुठेच नाही. काल जेवताना म्हणाला, "गॅझेटला देऊन टाकू ना, प्रणाली करू. बाळाचं नाव घालायला वर्षभर फी पण नाही लागत, घाई कशाला?" चांगल्या मनाने म्हणाला. तेच तर. वाईट मनाने म्हणाला असता तर भांडता आलं असतं. आता मी भांडू कशाशी, त्या अर्ध्या श्वासाशी?

तो नक्की कशाला थांबला? उच्चार अवघड म्हणून? हसू आलं म्हणून? की लेक उद्या वर्गात उभी राहून नाव सांगतेय आणि पोरं खिदळतायत असं दिसलं त्याला? मलाही तेच दिसलं, म्हणून तर झोप नाही. पोरगी अकरा वर्षांची आहे, वहीवर नाव घालतेय, आणि माझ्या नावापाशी नुसतं 'पी.' लिहितेय.

पाचवीला आईने पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. सटवाई येऊन लिहून जाते म्हणतात. आईचं नाव तिलाही लागत असेल का? आणि तिने कुठलं लिहिलं असेल? प्रणाली असेल तर पत्ता चुकला.

आत्ता एकदम आठवलं, सातवाहन. घोकून घोकून पाठ केलेलं. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. एवढे राजे, आणि नाव आईचं लावायचे. नाशिकला पांडवलेण्यात त्या गौतमी बलश्रीने लेकाच्या पराक्रमाचा केवढा लेख कोरून ठेवलाय. दगडात. तिथे कोणी वाचताना थांबलं नसेल.

पिंकीपुत्री रुक्मिणी.

मी इतक्या जोरात हसले की आई जागी झाली. "टाके दुखतील, झोप." टाके दुखलेच.

त्याच दिवशी, दुपार

मालिशवाल्या मावशी गेल्या. बाळंतिणीची खोली म्हणजे शेगडी, ओवा, बाळंतशेप, सगळ्याचा मिळून एक वास, त्यात बसून लिहितेय.

दादा सकाळपासून माझ्याकडे बघत नव्हते. आत्ता हिला घ्यायला आले, हात धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून. तिच्याकडेच बघत म्हणाले, "नाव म्या ठिवल्यालं."

मी गप्प.

"वाशीला कांदा घिऊन गेलतो. मार्केटच्या बाहीर हाटेल व्हतं, त्याची पोर गल्ल्यावर बसायची. येवढीशी. पर हिशोब असा करायची, व्यापारी गप बसायचं. तिला पिंकी म्हणायचं. परत आलो तर तू झाल्याली."

एवढंच. मग तिला म्हणाले, "काय गं, रुक्मिणीबाई," आणि तिच्या मुठीत बोट घातलं.

तीस वर्षांत हे एकदाही बोलले नाहीत. मी इतकी वर्षं धरून बसले होते की माझ्यापाशी येईपर्यंत यांची नावं संपली होती. आणि हा माणूस म्हणतो वाशीहून आणलं होतं, कांद्याच्या पट्टीबरोबर. गळ्याशी आलं होतं माझ्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई, "काय बी सांगत्यात. दवाखान्यातल्या नर्सबाईनं ठिवलं ते. वाशीला गेलं व्हतं त्ये धाकट्याच्या टायमाला."

दादा काही बोलले नाहीत. मोटार बघायला गेले. या वेळी लाईट होती.

आता खरं कोणाचं? आईची आठवण पक्की असते, दादांची सोयीची. रात्रभर बसून रचलं असेल म्हणावं, तर ती गल्ल्यावरची पोरगी दादांना रचता यायची नाही. काही असो, मला तीच हवी आहे. बोटांवर मोजणारी, व्यापाऱ्यांना गप्प करणारी.

सागरचा फोन आला. परवा बारशाला किती माणसं, घुगऱ्या किती भिजवायच्या, आत्याबाईंना कानात नाव सांगायची तालीम करायचीय वगैरे. शेवटी हळूच, "मग गॅझेटचं...?"

म्हटलं, "पूर्ण नाव म्हणून दाखव."

म्हणाला. सलग म्हणाला. म्हणजे बहुतेक पुण्याच्या बसमध्ये मनात म्हणत गेला असणार, त्याचा स्वभावच तसा. पण ऐकताना या वेळी मीच 'पिंकी'पाशी थांबले. अगदी किंचित. सांगितलं नाही त्याला.

फॉर्म काढला आणि आईच्या रकान्यात नाव लिहिलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की खाली इंग्रजीतही हवंय. आधारवर शेवटी आय आहे, पदवीवर वाय. यातलं रुक्मिणीच्या शाळेला कुठलं चालेल देव जाणे, सहा वर्षं आहेत अजून. उठली बघा. भूक लागलीय तिला.