राज्य कोणावर?

जून २०२१ मधली सकाळ. भाच्याचा फोन. "मामा, मिळाला!" आवाज असा, की वाटावं अकरावीला हव्या त्या कॉलेजात नंबर लागला. पण तेव्हा तो सातवीत होता, शाळा मोबाइलवर भरत होती, आणि मिळाला होता तो बीटा, म्हणजे गेम पूर्ण व्हायच्या आधी तपासून बघायला दिलेली कच्ची आवृत्ती. आदल्या सप्टेंबरात पब्जी मोबाइलवर बंदी आल्यापासून ही पोरं सुतकात होती. आता तो गेम 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' असं नाव लावून परत येत होता. सगळ्यांसाठी २ जुलैला, पण त्याआधी, १७ जूनपासून, बीटा म्हणून काही जणांना. गूगल प्लेवर जाऊन 'टेस्टर व्हा' हे बटण दाबायचं, जागा असली तर वर्णी लागायची. जागा भरायच्या, थोड्या नव्या सुटायच्या, त्याही भरायच्या. गणपतीला कोकण रेल्वेचं तिकीट काढायला बसलेल्यांना यापुढचं सांगायला नको.

संध्याकाळी मी विचारलं, "मग, काय काय टेस्ट केलंस?"

"म्हणजे?"

"अरे, टेस्टर आहेस ना तू?"

पलीकडे शांतता. मग माझी समजूत घातल्यासारखा म्हणाला, "मामा, दोन चिकन डिनर झाले." (घर शाकाहारी आहे. जिंकणाऱ्याला तो गेम हेच जेवण घालतो.)

बीटा म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं, कारण आमच्या वाड्यात तो होताच. आम्ही त्याला कच्चा लिंबू म्हणायचो. लपाछपी असो की डबा ऐसपैस, माझी धाकटी बहीण खेळात असायची आणि नसायचीही. ती धावायची, लपायची, बहुतेक वेळा पाण्याच्या पिंपामागे, फ्रॉकचा घेर बाहेर ठेवून. लगेच सापडायची. पण तिच्यावर राज्य येत नसे. तिचं आउट होणं कुणी धरतच नसे. आईने दटावलं म्हणून घेतलेली मेंबर. पण जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीची कडी नुसती अडकवलेली असते आणि आत दोघं आरामात मावतात, हा शोध तिचा. आम्ही मोठे तिकडे कधी फिरकलो नव्हतो, आम्हाला आउट व्हायची भीती होती. तिला नव्हती, ती कुठेही घुसायची.

जुना बीटा असाच चालायचा. गेम कच्चा आहे, या, धडका मारा, कुठे मोडतो ते सांगा, शेवटी सगळं पुसून टाकू. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी अशाच एका गेमचा बीटा खेळलो. तेविसाव्या लेव्हलचा धनुर्धारी, आणि महिनाभराची कमाई म्हणजे एक निळसर धनुष्य. शेवटच्या संध्याकाळी सगळे त्या गेममधल्या गावाच्या चौकात जमलो. चालवणाऱ्यांनी गंमत म्हणून वेशीच्या आत राक्षस सोडले. आम्ही मेलो, उठलो, पुन्हा मेलो. मग कुणीतरी अंगावरचं चिलखत काढून रस्त्यात ठेवलं, आणि बघता बघता सगळ्यांनीच ठेवलं. नऊ वाजता चित्र थिजलं. कॅफेवाल्या काकांनी "नेट गेलं का रे?" असं विचारलं. मी चाळीस रुपये दिले आणि सायकल काढली. वाईट वाटलं नाही. पाटीवरचं होतं ते, वहीत उतरवलेलं नव्हतं.

त्या काळाची एक दंतकथाच आहे, पण खरी घडलेली. ऑगस्ट १९९७, 'अल्टिमा ऑनलाइन'चा बीटा. गेमचे जनक रिचर्ड गॅरियट स्वतः राजा लॉर्ड ब्रिटिश होऊन प्रजेला भेटायला उभे राहिले. राजाला मरण नाही, तशी सोयच करून ठेवलेली. पण मध्ये सर्व्हर कोसळला आणि परत आल्यावर अमरत्व चालू करायचं राहून गेलं. रेन्झ असं नाव घेऊन खेळणाऱ्या एकाने आगीचा मंत्र टाकला, आणि भर प्रजेसमोर राजा गतप्राण. पुढे रेन्झला बीटातून काढलं. कंपनी म्हणाली, राजहत्येसाठी नाही हो, आधी सापडलेल्या चुका कळवायच्या सोडून त्यांचा फायदा उठवला म्हणून. विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने बघावं. पण त्या कारणात खेळाचा नियम आहे. टेस्टरने चूक दाखवायची, आणि राज्य गेम बनवणाऱ्यांवर.

हे नेमकं कधी उलटलं ते एका तारखेवर बोट ठेवून सांगता येणार नाही. २००७ मध्ये 'क्रॅकडाउन' नावाच्या गेमबरोबर 'हेलो ३'च्या बीटाचं आमंत्रण मिळत होतं, आणि पुष्कळांनी तो गेम आमंत्रणासाठीच घेतला. आम्ही क्रिकेटरच्या कार्डासाठी च्युइंगगम घ्यायचो, त्यातलाच प्रकार. 'माइनक्राफ्ट' नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण झाला, पण त्याआधी अल्फा (बीटाच्याही आधीचा टप्पा) आणि बीटा असताना पैसे मोजूनच मिळायचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कच्चा होता तेव्हा स्वस्तही होता, अढीतला आंबा आधी सांगून ठेवावा तसा. २०२० मध्ये 'व्हॅलोरंट'ने वेगळीच तऱ्हा काढली. बीटात शिरायचं तर ट्विच या गेम थेट दाखवणाऱ्या साइटवर दुसऱ्यांना खेळताना बघत बसायचं, नशीब असेल तर आमंत्रण यायचं. म्हणजे टेस्टर व्हायचं तर आधी प्रेक्षक व्हा. आत दुकानही उघडं. एवढं मात्र मान्य करायला हवं, की जूनमध्ये खरा गेम आला तेव्हा बीटात पैसे देऊन घेतलेले आणि खर्च झालेले पॉइंट्स त्यांनी २० टक्के वर घालून परत केले.

पण कडी केली ती 'फोर्टनाइट'ने. त्याचा सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला बॅटल रॉयल, म्हणजे शेवटचा उरेल तो जिंकला असा खेळ, सप्टेंबर २०१७ मध्ये आला तो 'अर्ली ॲक्सेस' म्हणून. हा बीटाचाच मावसभाऊ. ते लेबल २०२० च्या मध्यापर्यंत निघालं नाही. आणि मधेच, जुलै २०१९ मध्ये, न्यूयॉर्कच्या आर्थर ॲश स्टेडियममध्ये, जिथे यूएस ओपनची फायनल होते तिथे, या अपुऱ्या गेमचा वर्ल्ड कप झाला! एकूण बक्षिसं ३ कोटी डॉलरची. त्यातले ३० लाख एका सोळा वर्षांच्या मुलाने एकट्याने नेले. एवढा गबर कच्चा लिंबू आमच्या वाड्यात कधी झाला नाही.

भाच्याच्या बीटातही आधीच जाहीर झालं होतं, इथली प्रगती आणि खरेदी पुढे तशीच राहील. पोरं खूश. मी अडलो तो तिथेच. पुसायचं नाही तर पाटी कशाला? पहिल्या मिनिटापासून रँक धरली जाते म्हटल्यावर जिन्याखाली कोण घुसून बघणार? भाचा तर भिंतीला भोक दिसलं तरी तिकडे जात नसे. "मरलो तर पॉइंट्स जातात, मामा."

गेल्या दिवाळीत त्याने दुसऱ्याच एका गेमच्या बीटात ३९९ रुपयांचं जॅकेट घेतलं. एका अपडेटनंतर जॅकेट गायब, पैसेही गायब. तक्रार केली तर चार दिवसांनी उत्तर आलं, धीर धरल्याबद्दल आभार, गेम अजून बीटात आहे. बहीण करंज्यांच्या कडा कातण्याने कापत होती. तिने पिठाच्या हाताने फोन न धरता नुसती मान वाकडी करून ते वाचलं.

"पैसे घेताना नव्हता का बीटात?" ती म्हणाली. "लिही त्यांना, राज्य तुमच्यावर आहे."

तो टाइप करायला बसला आणि थांबला. "आई, राज्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी एक करंजी उचलली.