पट्टी बांधून ऐकलेल्या चार गिटारी

एकाच कारागिराने पहिल्या फळीपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत स्वतःच्या हाताने घडवलेली गिटार वाजवायला मिळणे हेच मुळात दुर्मीळ असते, आणि मिळाली तरी ती एका वेळी एकच मिळते. एकट्या गिटारीवरून तिच्यात काही दोष आहे का, एवढेच कळते. ती दुसरीपेक्षा सरस आहे की नाही हे ठरवायचे, तर दुसरीही त्याच खोलीत हाताशी असावी लागते, कारण नादाचे बारकावे काही सेकंदांतच स्मृतीतून निसटू लागतात आणि आठवड्याभराने आठवतात ती फक्त आपण त्या नादाला लावलेली विशेषणे. म्हणूनच एका मित्राच्या खटपटीमुळे वेगवेगळ्या कारागिरांच्या चार गिटारी सलग दोन दिवस एकत्र वाजवायला मिळाल्या, तेव्हा मी इतर सगळी कामे बाजूला ठेवली.

पहिली मोठ्या अंगाची ड्रेडनॉट होती. तिची वरची फळी सिट्का स्प्रूस या लाकडाची, तर पाठ आणि बाजू शिसवीच्या होत्या. दुसरी अंगाने लहान, सीडर आणि अक्रोडाची. तिसरीत अ‍ॅडिरॉन्डॅक स्प्रूस आणि महोगनी, तर चौथीत युरोपियन स्प्रूस आणि ब्राझिलियन रोझवुड होते. ही चौथी पेटीतून बाहेर येण्यापूर्वीच माझ्या मनात पहिली आली होती, हे आधीच कबूल करून टाकतो. तिच्या पाठीवरच्या काळपट रेषा, नादछिद्राशी नाक नेले की येणारा किंचित गोडसर वास, आणि 1992 पासून साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात गेलेले, त्यामुळे कारागिरांना बहुधा जुन्या साठ्यातूनच मिळवावे लागणारे ते लाकूड, या सगळ्यांनी माझा निकाल जवळजवळ लावूनच टाकला होता. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी वहीत लिहिले: चौथी प्रथम, तिसरी शेवटी, तिसरीचा आवाज बंद, हात जड, म्हणजे तारा दाबायला जोर लागणारी.

हे ‘हात जड’ मात्र रात्री मला खटकू लागले. पोलादी पट्टी घेऊन मोजले, तेव्हा तिसरीची सहावी तार बाराव्या फ्रेटपासून, म्हणजे दांड्यावरच्या बाराव्या आडव्या धातूपट्टीपासून, 3.2 मिलिमीटर उंच निघाली. उरलेल्या तिघींत ते अंतर 2.3 च्या आसपास होते. शिवाय तिच्या तारा काळवंडलेल्या होत्या आणि बोटाखाली खरखरत होत्या. म्हणजे दिवसभर मी कारागिरीची तुलना करत होतो असे मला वाटत होते, पण प्रत्यक्षात नव्या आणि जुन्या तारांची तुलना चालली होती. पेटीच्या कप्प्यात कारागिराने दिलेले दुसरे, कमी उंचीचे हाडाचे सॅडल, म्हणजे गिटारीच्या अंगावर तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी, होते. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येत असल्याने तिथे तार जेवढी खाली आणायची, त्याच्या दुप्पट सॅडल उतरावे लागते. हे नवे सॅडल नेमके दीड मिलिमीटरने बुटके होते. मालकाला फोन करून परवानगी घेतली, सॅडल बदलले, चारही गिटारींना 0.012 इंच जाडीपासून सुरू होणाऱ्या फॉस्फर ब्राँझ तारांचे एकसारखे संच चढवले आणि तारा ताणून बसाव्यात म्हणून रात्रभर तशाच ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांवर पट्टी बांधली. मित्र एकेक गिटार माझ्या हातात देत असे आणि मी तोच छोटा तुकडा तीनदा वाजवत असे: आधी बोटांच्या पेरांनी अगदी हळू, मग नेहमीच्या जोराने, आणि शेवटी पिकने दणकून. ड्रेडनॉट अर्थातच मांडीवर आल्याआल्या ओळखू यायची, त्यामुळे नंतर आम्ही जागा बदलल्या. तो वाजवू लागला आणि मी दोन मीटरवर बसून ऐकू लागलो. ही अदलाबदल प्रत्येकाने करावी असे माझे मत आहे. गिटारीचा आवाज प्रामुख्याने समोर जातो आणि वाजवणाऱ्याच्या कानावर त्याचा एक भागच येतो. दुसऱ्या गिटारीच्या बाजूला वाजवणाऱ्यासाठी वेगळे छिद्र होते. ते रुमालाने बुजवले, तेव्हा आदल्या दिवशी मला मोहवणारा तिचा भरदारपणा माझ्यापुरता निम्मा झाला, समोर बसलेल्या मित्राला मात्र काडीचाही फरक जाणवला नाही.

खरे भेद हळू वाजवताना उघडे पडले. सीडरची गिटार नुसत्या स्पर्शानेही बोलत होती, पण जोर वाढवला की एका मर्यादेनंतर तिचा दम संपे आणि आवाज वाढण्याऐवजी चपटा होई. अ‍ॅडिरॉन्डॅकची तिसरी याच्या उलट होती: हळू वाजवताना काहीशी अबोल, पण जितके मागावे तितके देणारी, आणि दणक्यातही प्रत्येक सूर दाणेदार ठेवणारी. ड्रेडनॉटच्या खर्जाचा घुमारा सुखद होता, मात्र त्याखाली मधल्या तारांवरची गत झाकली जात होती. आणि चौथी? तिच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर, म्हणजे सुमारे 98 हर्ट्झचा, शेजारच्या सुरांपेक्षा एकदम मोठा उसळे आणि लगेच विझून जाई. अशा ठिकाणी गिटारीच्या पोटातल्या हवेचे स्वतःचे कंपन त्या सुराशी जुळते आणि तारेची ऊर्जा भराभर शोषली जाते. आस, म्हणजे सुराचे रेंगाळणे, अर्थातच कमी पडते. थोड्याफार प्रमाणात हे बहुतेक गिटारींत आढळते, पण पहिल्या दिवशी वासाच्या नादात मला ते ऐकूच आले नव्हते. पट्टी बांधून मी लावलेल्या क्रमात तिसरी पहिली आली आणि चौथी तिसरी.

यावरून महोगनी रोझवुडपेक्षा श्रेष्ठ, असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण चौघींत लाकडापलीकडेही सगळेच वेगळे होते. केवळ लाकडाचा प्रश्न लँकेस्टर विद्यापीठाच्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नीट तपासला गेला होता. पाठ आणि बाजू सोडता एकसारख्या घडवलेल्या सहा गिटारी 52 वादकांना वेल्डरचे काळे चष्मे घालून वाजवायला दिल्या, तेव्हा लाकडानुसार पसंतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्या सहांत ब्राझिलियन रोझवुडचीही एक होती. त्याच्या कितीतरी आधी, 1862 साली, आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून, नाद मुख्यतः वरची फळी ठरवते, हे दाखवून दिले होते.

ती फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते आणि पोलादी तारांचा सत्तर किलोहून अधिक ताण तिच्यावर कायम असतो. कारखान्यात प्रत्येक फळी बहुतेक ठरल्या मापाने तासली जाते, आणि हमीच्या काळात ती फुगू नये म्हणून थोडी जाडच ठेवली जाते. हाताने घडवणारा ती फळी वाकवून, टिचकी मारून पाहतो आणि आतले आधार त्या एका फळीपुरते तासतो. माझ्या मते पैसे मोजायचे ते या कामाचे. मात्र हा हात फार पुढे गेला, तर हळू वाजवताना मोहवणारी आणि जोर केला की कोलमडणारी गिटार तयार होते.

तिसरी परत द्यायला गेलो, तेव्हा बुटके सॅडल तसेच ठेवू का, असे मी तिच्या मालकाला विचारले. ते हसले आणि त्यांनी उंच सॅडलच पुन्हा बसवायला सांगितले. मग जाड पिक घेऊन मनगटाच्या जोराने ते दोन-तीन मिनिटे वाजवत राहिले. एकही तार फ्रेटवर खडखडली नाही, आणि माझ्या हातात कधीच निघाला नव्हता असा आवाज त्या ‘बंद’ गिटारीतून खोलीभर पसरला.