चौथा मजला ते दुसरा मजला: रस्त्याचा हिशोब मागवायचा माझा अनुभव

आमच्या बाजारपेठेतला मुख्य रस्ता स्मार्ट सिटीत घेतला होता. शहराचं नाव लिहीत नाही, महाराष्ट्रातल्या आठ शहरांपैकी एक, एवढं पुरे. माझं स्टेशनरीचं दुकान याच रस्त्यावर, त्यामुळे दीड वर्ष धूळ मी खाल्लीये, सकाळी शटर उघडलं की वह्यांच्या गठ्ठ्यांवर थर आणि गिऱ्हाईक मागच्या गल्लीतून परस्पर पसार. शेवटी फूटपाथ झाला, दिवे लागले, गाड्या वर चढू नयेत म्हणून कडेने लोखंडी खांब बसवले. सहा महिन्यांत दुकानासमोरचे दोन खांब हलायला लागले. एक तर शेजारच्या चहावाल्याच्या पोरानं खेळता खेळता उपटलाच, खाली वीतभरसुद्धा काँक्रीट नाही. तिथं माझं डोकं फिरलं.

बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला काय करायचंय?" पण केंद्राने शहरामागे 500 कोटी द्यायचे नि तेवढेच राज्य आणि पालिकेने मिळून घालायचे अशी ती योजना होती, म्हणजे माझी घरपट्टीपण त्यात आहे ना.

मग पालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचं ठरवलं. अर्ज करणं अगदी सोपं. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झालं. फक्त आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांत बसवायचं असा नियम आहे, मी पहिल्यांदा तीन पानं लिहून नेली होती, आवक-जावकच्या बाईंनी हसून परत दिली. मग नेमकं तेवढंच मागितलं: कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी (झालेल्या कामाची मोजमापं लिहितात ती वही), आणि दिलेली बिलं. आणि हो, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, शिक्का नि आवक क्रमांकासकट.

आता खरी गंमत. 29 दिवस काही नाही. तिसावा, म्हणजे उत्तराच्या मुदतीचा शेवटचा दिवस, उजाडायच्या आदल्या दिवशी पत्र आलं की "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नसून ती कंपनीकडे असल्याने अर्ज हस्तांतरित करण्यात येत आहे". कायद्यात हस्तांतराला पाच दिवस दिलेत, यांनी महिना खाल्ला. कंपनी म्हणजे स्मार्ट सिटीसाठी काढलेली कंपनी, राज्य आणि पालिका निम्मे निम्मे मालक, त्यामुळे "आम्ही कंपनी आहोत, आम्हाला माहिती अधिकार लागू नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आणि ही कंपनी बसते कुठे? त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. पालिकेचा विभाग दुसऱ्यावर. दोन जिने. त्या पत्राला वर जायला 11 दिवस लागले, मी शिक्के बघितलेत, चुकून नाही बोलत.

चौथ्या मजल्यावर एसी आहे, बसायला सोफा आहे, माहिती नाही. तिथून उत्तर आलं की मोजमापं पालिकेच्या अभियंत्यांनी घेतली, पुस्तिका त्यांच्याच ताब्यात आहे, अर्ज परत पाठवतोय. मी खाली गेलो. खालचा क्लार्क म्हणाला, "काका, वरून अजून काही आलं नाही, पुढच्या आठवड्यात या." वर गेलो तर म्हणे पाठवलं. परत खाली. तिसऱ्या खेपेला माझा आवाज चढला, मला नंतर वाईट वाटलं, तो पोरगा कंत्राटी होता, त्याच्या हातात काय होतं? पण दुकान बंद ठेवून यायचं नि जिने चढायचे म्हणजे माणसाचा जीव जातो हो. लिफ्ट बंदच होती तेव्हा.

शेवटी पहिलं अपील टाकलं, जोडपत्र 'ब', 20 रुपयांचा स्टॅम्प. एकाच नाही, दोन्ही मजल्यांच्या अपिलीय अधिकाऱ्यांकडे टाकलं, ही अक्कल मला आमच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड ओव्हरसियरने दिली. उत्तराची मुदत संपल्यापासून किंवा नकार मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करायचं, मी कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवला होता. त्यांना निकालाला 30 दिवस असतात, फार तर 45. सुनावणी 38व्या दिवशी लागली.

सुनावणीला दोन्ही माहिती अधिकारी शेजारी शेजारी बसलेले, एकमेकांना अरे-तुरे. अपिलीय अधिकारी मॅडमनी विचारलं, "एमबी आहे कुणाकडे?" दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग खालचे साहेब हळूच म्हणाले, आमच्या कपाटात असावी. असावी! तीन महिने जे कपाट मी बघत होतो, ज्या टेबलावर पोच घेतली त्याच्या मागचं, हिरवं, ज्यावर गणपतीचा फोटो चिकटवलाय, ते. मॅडमनी सात दिवसांत माहिती द्या आणि मुदत उलटल्यामुळे फुकट द्या असा आदेश काढला. हे फुकटचं कलम 7(6) लक्षात ठेवा, एरवी पानाला 2 रुपये पडतात.

एक गोष्ट मला आधी कळायला हवी होती. शासनाचं 2018चं परिपत्रक आहे, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फायली बघायला द्यायच्या. अर्जाच्या आधी हेच करायला हवं होतं. मी प्रती यायची वाट न बघता परिपत्रकाची प्रिंट घेऊन सोमवारी गेलो, क्लार्कला माहीतच नव्हतं, पण प्रिंट बघितल्यावर त्याने कपाट उघडलं. एमबीत एका ओळीत लिहिलेलं, खांब पुरवणे व बसवणे, 212 नग, पायाची खोली 450 मिमी. पोरीच्या रफ वहीत ती पानं उतरवून घेतली, खाली तीन सह्या.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला, ट्रॅफिकच्या आधी, पोरीला घेऊन चौक ते चौक खांब मोजले, प्रत्येकावर खडूची रेघ मारत, म्हणजे दोनदा मोजला जायला नको. 187. उपटलेला धरून. पुन्हा उलटे मोजत आलो. 187.

दुसऱ्या अपिलाची वेळ माझ्यावर आली नाही. तुमच्यावर आली तर राज्य माहिती आयोगाकडे 90 दिवसांत करा, माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार दंड तेच लावू शकतात. पण तिथं तारीख लागायला भरपूर वेळ जातो, त्यामुळे पहिल्या अपिलालाच कागद नीट लावून जा.

मी पानांच्या प्रती आणि माझी मोजणी जोडून आयुक्तांना पत्र दिलं, पोच घेतली. उत्तर काही आलं नाही. साधारण महिन्याने एका सकाळी शटर उघडायला आलो तर फूटपाथच्या कडेला ओल्या सिमेंटचा वास आणि 9 नवे खांब. जुने राखाडी पडलेत, हे काळे कुळकुळीत, लांबूनच ओळखू येतात. 16 अजून बाकी आहेत.