बाजेचा एक कोपरा

मंगळवार, रात्री उशिरा

आजारी मैत्रिणीकडून आले आणि हातपाय धुऊन थेट बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान उघडलं. दुसरा अध्याय. कफर्णहूम गावातल्या ज्या घरात येशू आहे तिथे गर्दीमुळे दाराशीसुद्धा जागा नाही, म्हणून चौघं जण पक्षाघात झालेल्या माणसाला घेऊन वर चढतात, छप्पर उकरतात आणि त्याची बाज खाली सोडतात. तिकडची साधी घरं तुळया, वर फांद्या आणि मातीचा लेप अशी असायची. खाली बसलेल्यांच्या अंगावर ढेकळं पडलीच असणार.

कितीदा वाचलंय हे. पण आज नजर एका शब्दावर अडली. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवरचा माणूस त्या अख्ख्या प्रसंगात तोंडातून शब्द काढत नाही, आणि कोणी त्याला विचारतही नाही की बाबा, तुझा विश्वास किती?

मी विचारलं होतं. मैत्रिणीचं दुखणं सुरू झालं तेव्हा उशाशी बसून म्हणाले होते, ‘तू विश्वास ठेव, बरी होशील.’ तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पांघरुणाची कड बोटांनी चुरगाळत राहिली. आधीच थकलेल्या जिवावर मी आणखी एक ओझं टाकलं होतं. पुढच्या खेपेला तिला न विचारता आमच्या चर्चच्या पाळकांनाही घेऊन गेले. ती दोघांशी नीट बोलली, पण त्यानंतर आठ दिवस माझा फोन घेतला नाही.

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय की कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या ज्येष्ठ जबाबदार माणसांना, बोलवावं. बोलवायचं त्याने. तेल लावणं, प्रार्थना हे सगळं त्यानंतर. हे वाक्य मला पाठ होतं, तरी त्यातलं ‘त्याने’ मी गाळत आले.

मग सांगणं बंद केलं. जायच्या आधी घरीच गुडघे टेकायचे, तिचं नाव प्रभूपुढे ठेवायचं आणि मग निघायचं. तिथे औषधांच्या वेळा, उशी बदलणं, गप्पा. एकदा विचारलं, ‘तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?’ म्हणाली, ‘मोठ्याने नको.’ तेव्हापासून नुसता हात हातात धरून बसते.

आज रात्रीची गोळी दिली, निघायला उठले, तर तिने मनगट धरलं. ‘आज मोठ्याने म्हण.’

काय म्हणाले ते धड आठवत नाही. दोन-तीन वाक्यं असतील, तीही अडखळत. डोळे उघडले तेव्हा तिचे गाल ओले होते. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘ताईला फोन करायचाय.’ बहिणींमध्ये किती वर्षं अबोला आहे ते मला ठाऊक आहे. कफर्णहूमलाही पहिलं वाक्य पायांबद्दल नव्हतं. आधी पापांची क्षमा, आणि ‘ऊठ, बाज उचल’ मागाहून.

दुखणं आहे तसंच आहे. उद्याची तपासणीही चुकवायची नाही. बेथसैदा गावच्या आंधळ्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसं झाडांसारखी दिसली, प्रभूने पुन्हा हात ठेवला तेव्हा स्वच्छ दिसू लागलं. त्यालाही लोकांनीच आणलं होतं. आणि बेथेस्दाच्या तळ्याकाठचा तो 38 वर्षं आजारी असलेला माणूस, त्याचं दुःख काय, तर मला पाण्यात सोडायला कोणी माणूस नाही. हे वाचलं की मला घरी बसवत नाही.

दाराशी आले तेव्हा तिने मागून हाक मारली. ‘शुक्रवारी तुझ्या त्या वडीलमंडळींना आण. तेल घेऊन.’

हे वाचून झाल्यावर आणखी दोघींना फोन केला; शुक्रवारपर्यंत रोज रात्री नऊ वाजता आपापल्या घरी तिच्यासाठी प्रार्थनेला बसायचं ठरलं. माझ्यासकट बाजेचे तीन कोपरे झाले. चौथ्यासाठी उद्या सकाळी कोणाला तरी विचारते.