18-17 या आकड्यात न मावलेला सामना

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. 1985 च्या जागतिक स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना डेनिस टेलरने स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध 18-17 असा जिंकला, हे तोंडपाठ असूनही मी तो पुन्हा पुन्हा का पाहतो, असे मला नेहमी विचारले जाते. कारण एवढेच, की नुसता निकाल वाचणाऱ्याला दोघे सुरुवातीपासून तोडीस तोड खेळले असतील असे वाटते. प्रत्यक्षात शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात पहिल्या आठही फ्रेम, म्हणजे सामन्यातले छोटे डाव, डेव्हिसने घेतल्या होत्या; आधी 18 फ्रेम जिंकेल तो विजेता. 1983 आणि 1984 असा लागोपाठ दोनदा जगज्जेता ठरलेला हा खेळाडू आता सामना लवकर आटोपणार, हे जवळपास सर्वांनी गृहीत धरले होते.

नवव्या फ्रेममध्ये त्याला सुरक्षित फटका खेळून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोपी संधी न ठेवता, थांबता आले असते. पण त्याने अवघड हिरवा बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या कडेच्या जाळीत, घालायचे ठरवले, तो हुकला आणि उत्तर आयर्लंडच्या टेलरने खाते उघडले. पहिल्या दिवसअखेर 9-7 झाले होते. सगळे जण शेवटच्या काळ्या बॉलबद्दल बोलतात. माझ्या मते सामना फिरला तो या हिरव्यापाशी.

टेलरच्या चष्म्याची तेव्हा पुष्कळ थट्टा होई. टेबलावर वाकून, हनुवटी क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, टेकवून पाहताना साध्या चष्म्याची वरची कड नेमकी नजरेच्या आड येते, म्हणून त्याच्या काचा मोठ्या आणि कपाळापर्यंत चढवलेल्या होत्या. दिसायला तो उलटा घातल्यासारखा वाटे, पण त्यामागचा विचार अगदी सरळ होता.

डेव्हिस 17-15 वर पोहोचल्यावरही टेलरने बरोबरी साधली आणि पस्तिसावी, निर्णायक फ्रेम 68 मिनिटे चालली. खेळ म्हणून ती फारशी देखणी नाही; दोघांच्याही हातांवर दडपण स्पष्ट दिसते. डेव्हिस 62-44 असा पुढे असताना तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा एवढेच बॉल उरले होते, म्हणजे एकूण 22 गुण, आणि काळ्याशिवायच्या तिघांचे मिळून 15. त्यामुळे टेलरला चारही घालणे भागच होते. त्याने लांबून तपकिरी घातला, मग निळा, मग गुलाबी, आणि 62-59 वर सात गुणांचा काळा तेवढा उरला. तो घालण्याचे टेलरचे प्रयत्न फसल्यावर डेव्हिसला कोपऱ्यातल्या पॉकेटची संधी मिळाली, पण त्याने तो गरजेपेक्षा बारीक कापला आणि बॉल पॉकेटच्या तोंडाशी चुकला. टेलरने पुढच्याच फटक्याला तो घातला आणि क्यू दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. संपूर्ण सामन्यात तो आघाडीवर आला तो याच क्षणी. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी ब्रिटनमध्ये सुमारे 1 कोटी 85 लाख लोक बीबीसी टू ही वाहिनी लावून बसले होते.

यापुढे निकालांचा तक्ता वाचलात तर आणखी गंमत वाटेल. 1986 मध्ये टेलर पहिल्याच फेरीत माइक हॅलेटकडून हरला आणि जागतिक विजेतेपद त्याला पुन्हा कधीच मिळाले नाही. डेव्हिस त्या वर्षीही अंतिम फेरीत जो जॉन्सनकडून हरला, पण 1987, 1988 आणि 1989 ही तिन्ही वर्षे त्याने आपल्या नावावर केली.